विजेवरचा प्रेशर कुकर: खोक्यावरची मिनिटे आणि घड्याळातली मिनिटे

विजेवर चालणारा सहा लिटरचा प्रेशर कुकर वर्षभर जवळजवळ रोज वापरल्यानंतर एक गोष्ट खात्रीने सांगता येते, ती म्हणजे त्याने वेळ वाचतो, पण विकणारे सांगतात तिथे नाही. भिजवलेले हरभरे १५ मिनिटांत शिजतात, असे खोक्यावर छापलेले आहे. ही मिनिटे आत दाब तयार झाल्यानंतर मोजायची असतात. दोन लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ६३० किलोज्यूल उष्णता लागते आणि १००० वॉटचा हीटर ती द्यायला साडेदहा मिनिटे घेतो. भांडे, दाणे आणि वाया जाणारी उष्णता हिशेबात धरली, तर माझ्याकडे अठरा-वीस मिनिटे सहज जातात. दाब आपोआप उतरायला तेवढाच वेळ आणखी लागतो. वाफ घाईने सोडता येते खरी, पण कडधान्य शिजवताना तसे केले की फेसाळ पाणी व्हॉल्व्हमधून थेट ओट्यावर उडते. हा प्रयोग मी एकदाच केला.

तरीही कुकर परत करावासा वाटला नाही, कारण या पाऊण-एक तासात त्याच्याजवळ उभे राहावे लागत नाही. आच कमी करण्याची आठवण ठेवावी लागत नाही, शिजून झाले की तो स्वतः थांबतो, आणि तेवढ्या वेळात दुसरे काम निर्धास्तपणे उरकता येते. आधी केटलीत उकळलेले पाणी ओतले, तर दाब यायला लागणारी मिनिटेही बरीच घटतात.

पैशांचा फायदा मात्र कुकरपेक्षा त्यामुळे बदललेल्या खरेदीत आहे. शिजवून डबाबंद केलेल्या कडधान्याच्या ४०० ग्रॅमच्या डब्यात पाणी निथळल्यावर साधारण २४० ग्रॅम दाणे उरतात. कोरडे कडधान्य शिजल्यावर वजनाने दुपटीहून थोडे अधिक भरते, म्हणजे अर्ध्या किलोत असे जवळपास पाच डबे निघतात. मी एकदम अर्धा किलो शिजवून, गार करून, एका वेळेपुरत्या सपाट पिशव्यांत फ्रीझरमध्ये ठेवते. सपाट पिशवी लवकर वितळते. गोळा करून गोठवलेली पिशवी ऐन वेळी दगड होऊन बसते.

पालेभाज्या आणि पटकन शिजणाऱ्या इतर भाज्यांसाठी हे यंत्र निरुपयोगी आहे. त्या साध्या पातेल्यात आधी होतात.

तक्रारी तीन आहेत. झाकणाचे सिलिकॉनचे रबर वास धरते. लसणाच्या रश्शानंतर केलेल्या खिरीला लसणाचा वास आला, तेव्हा गोड पदार्थांसाठी दुसरे रबर घेणे भाग पडले. दुसरी तक्रार ‘गरम ठेवा’ या सोयीची: ती न विचारता सुरू होते आणि बंद करायला विसरले, तर वाचवलेली वीज तासन्तास थोडी थोडी खर्चत राहते. तिसरी गंभीर आहे. याच यंत्रात मंद आचेवर शिजवण्याचे बटण आहे, पण त्यावर कच्चा राजमा शिजवू नये हे माहितीपुस्तिकेत कुठेही लिहिलेले नाही. राजम्यातले नैसर्गिक विषारी द्रव्य नष्ट व्हायला तो भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात किमान १० मिनिटे खळखळून उकळावा लागतो. मंद आचेचे तापमान तिथवर पोहोचेलच असे नाही.

घ्यायचा असेल, तर आकार विचारपूर्वक निवडावा. फुगणारे धान्य आणि कडधान्य पाण्यासकट निम्म्या भांड्यापेक्षा वर भरायचे नसते, म्हणून तीन लिटरचा कुकर प्रत्यक्षात दीड लिटरचाच ठरतो आणि साठवणीचा स्वयंपाक त्यात मावत नाही. आतले भांडे स्टीलचे मिळत असेल, तर तेच घ्यावे. माझ्या भांड्याचा न चिकटणारा थर आठव्या महिन्यातच खरवडला गेला, आणि नवे भांडे मागवले, तेव्हा ते कुकरच्या जवळपास निम्म्या किमतीला पडले.