मातीची जैविक तपासणी: शेरे बाजूला ठेवून वाचावी अशी

2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब असे 12 घटक असतात. मातीतील जिवाणूंच्या कामासाठी मात्र एकही रकाना नसतो. म्हणून मी एका खासगी प्रयोगशाळेकडून माझ्या दोन शेतांची जैविक तपासणी करून घेतली. एका शेतात अनेक वर्षे सोयाबीन, त्यात तुरीच्या ओळी आणि रब्बीला हरभरा असा क्रम आहे. दुसऱ्यात ऊस, त्यावर खोडव्यामागून खोडवा, आणि पाचट बहुतेक वेळा पेटवून दिलेले. मध्ये फक्त बांध आहे, काळी माती तीच.

पहिला नमुना वाया गेला, कारण सोबतच्या सूचनापत्रात माती सावलीत वाळवून पाठवण्यास सांगितले होते. ही रीत रासायनिक तपासणीची आहे. जैविक तपासणीसाठी माती ओलसर आणि थंड ठेवावी लागते. चूक मान्य करून त्यांनी दुसरा नमुना विनाशुल्क घेतला, हे नमूद केले पाहिजे.

डिहायड्रोजिनेजची चाचणी मला प्रत्यक्ष पाहता आली. हे विकर (एन्झाइम) जिवंत पेशींतच काम करते, त्यामुळे मातीत त्या वेळी किती हालचाल चालू आहे याचा त्यावरून अंदाज येतो. मातीत टेट्राझोलियमचे रंगहीन द्रावण घालून नळ्या 37 अंशांवर 24 तास ठेवल्या होत्या; या विकराच्या कामाने ते द्रावण लाल होते. सोयाबीन-हरभऱ्याच्या नळीतला अर्क गडद लाल उतरला, उसाचा जेमतेम गुलाबी. कडधान्यांच्या मुळांवरील गाठी, त्यांचा लवकर कुजणारा पालापाचोळा आणि दरवर्षी बदलणारी मुळे यांमुळे जिवाणूंना निरनिराळे अन्न मिळते, हे वाचून माहीत होते. तरीही सगळे श्रेय फेरपालटीला देता येणार नाही, कारण त्या शेताला मी एक वर्षाआड शेणखतही घालतो.

अहवालाबाबत मात्र तक्रार आहे. प्रत्येक आकड्यापुढे ‘उत्तम’, ‘मध्यम’ किंवा ‘कमी’ असा शेरा असून तो कोणत्या मातीशी आणि कोणत्या हंगामाशी तुलना करून दिला, याचा उल्लेख नाही. वास्तविक हे आकडे ओल, तापमान आणि मातीच्या प्रकारानुसार बदलतात. फॉस्फेटेज, म्हणजे सेंद्रिय पदार्थातला स्फुरद मोकळा करणारे विकर, आम्लधर्मी मोजले की अल्कधर्मी, हेही लिहिलेले नाही. उसाच्या शेतातील युरिएज, म्हणजे युरियाचे विघटन करणारे विकर, जास्त आले म्हणून तेथे ‘उत्तम’ छापले आहे, पण काळ्या, विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत वर फेकलेल्या युरियाचे झपाट्याने अमोनियात रूपांतर झाले, तर बरेचसे नत्र हवेत उडून जाते, त्यात उत्तम काय? शेवटच्या पानावर त्यांच्याच जिवाणू खताच्या बाटलीची शिफारस आहे, आणि ती दोन्ही शेतांसाठी शब्दशः एकच आहे.

स्वतःच्या दोन शेतांची तुलना करण्यासाठी मी ही सेवा पुन्हा घेईन. यंदा उसाचे पाचट न जाळता सरीत कुट्टी करून ठेवणार आहे आणि पुढच्या वर्षी याच महिन्यात, असाच वाफसा असताना दोन्ही नमुने देणार आहे. शिफारशीचे पान वगळल्यास शुल्क कमी होईल का, हे मात्र आधी विचारणार आहे.