निळा रंग ओळखायचा: एक्सआरएफ की रामन?
चित्राचा कणही न काढता रंगद्रव्य ओळखणारी ही दोन यंत्रं. एक्सआरएफ क्ष-किरण टाकून मूलद्रव्य दाखवतं, रामन लेसर टाकून रेणूची कंपनं.

हातात धरायची एक्सआरएफ बंदूक मिनिटभरात सांगते: तांबं असेल तर बहुधा अझुराइट (तांब्याचं निळं खनिज), कोबाल्ट असेल तर स्माल्ट (निळ्या काचेची पूड) किंवा कोबाल्ट निळा. लोह दिसलं की मात्र लगेच 'प्रशियन निळा' (लोहापासूनचा कृत्रिम रंग) म्हणू नये. क्ष-किरण खालच्या थरांतही शिरतात आणि अस्तरातल्या गेरूचं लोह वरच्या निळ्याच्या खात्यावर जमा होतं. अजिंठ्याच्या चित्रांत सापडणारा लाजवर्द (निळ्या दगडाची पूड) तर जवळजवळ निसटतोच, कारण सोडियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉनचे क्षीण किरण बरेचसे हवेतच शोषले जातात. नीळ झाडापासूनचा सेंद्रिय रंग, तिचा पत्ताच लागत नाही.

रामनला लाजवर्द त्याच्या आलेखातल्या ५४८ प्रति सेंटिमीटरच्या ठसठशीत रेषेवरून सापडतो, नीळही दिसते. त्याची खोड वेगळी: जुनं व्हार्निश लेसरखाली चमकतं आणि रेषा त्या उजेडात बुडतात. मग हिरवा ५३२ नॅनोमीटरचा लेसर सोडून ७८५ चा लावून पाहावा. शक्ती एक मिलिवॅटच्या आतून हळूहळू चढवावी. शेजारी शेंदूर असेल तर तो तापून पिवळा पडतो, आणि तो डाग कायमचा.

आधी एक्सआरएफने सगळं चित्र फिरून घ्यावं, अडलेल्या ठिपक्यांवरच रामन लावावं.