प्रसिद्ध चेहऱ्यांचं घरसामान: वर्षभराच्या वापरानंतर

एका अभिनेत्रीच्या नावाचा सिरॅमिक लेपाचा पॅन, त्याच संचातलं एनॅमल चढवलेलं बिडाचं भांडं, टीव्हीवर घर लावायला शिकवणाऱ्या एका प्रसिद्ध बाईंच्या नावाच्या चादरी आणि टॉवेल, शिवाय आणखी एका तारकेच्या ब्रँडची सुगंधी मेणबत्ती. मेणबत्ती सोडली तर बाकी सगळं आमच्या घरात वर्षभर रोज वापरलं गेलं आहे. नवी वस्तू हातात पडल्यावर पहिल्याच आठवड्यात लिहिलेले अभिप्राय ढिगाने सापडतात. त्यांत खोक्याचं, रंगाचं, स्पर्शाचं कौतुक असतं आणि ते खरंही असतं. पण पॅन आणि चादर कोणी पहिल्या आठवड्यापुरती घेत नाही. म्हणून वर्ष उलटल्यावर काय टिकलं, काय विटलं आणि या नावांची ओढ का ओसरली, ते सविस्तर लिहिते आहे. ज्यांच्या वस्तूंबद्दल तक्रार आहे त्यांची नावं घेणार नाही. वापरून माझं मत असं झालं आहे की हा सगळ्या धंद्याच्या रीतीचाच दोष आहे.

आधी पॅन, कारण सगळ्यात जास्त निराशा त्याने केली. सुरुवातीचे काही महिने थेंबभर तेलावर अंडं नुसतं सरकायचं. मग बरोबर मधोमध, जिथे आच थेट लागते तिथे, चिकटायला लागलं. लाकडी उलथनं, मऊ घासणी, मंद आच हे सगळं पाळूनही आता मधे तपकिरी चट्टा आहे आणि कडा मात्र अजून नव्यासारख्या गुळगुळीत आहेत. शोधल्यावर कळलं की सिरॅमिक या नावाने विकला जाणारा हा लेप मातीच्या भांड्यासारखा भट्टीत भाजलेला नसतो. वाळूत असतं त्याच सिलिकापासून सोल-जेल पद्धतीने, म्हणजे द्रावण घट्ट करून मग तापवून, बनवलेला तो एक पातळ थर असतो. त्याला निसरडेपणा देणारी द्रव्यं वापरागणिक कमी होत जातात, आच वाढली की ती आणखी लवकर जातात, आणि त्या जागी जळक्या तेलाचं चिवट किटण बसतं. जुना पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा लेप सहसा याहून जास्त टिकतो. पण तो साधारण २६० अंश सेल्सियसच्या वर तापला की विघटू लागतो, आणि त्या धास्तीने पुष्कळ लोक सिरॅमिककडे वळले. आयुष्यभर दोन्हींपैकी काहीच पुरत नाही. बनवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. खोक्यावर मात्र अभिनेत्रीचा हसरा फोटो होता आणि घरच्या जेवणातल्या मायेबद्दल चार ओळी होत्या. लेप किती दिवस साथ देईल, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

लेप झिजणारच होता, त्याचं मला वाईट वाटत नाही. खुपतं ते हे की, जी व्यक्ती पडद्यावर दर वेळी कोऱ्या करकरीत पॅनमध्ये शिजवताना दिसते, तिला वर्षभर घासलेला पॅन कसा होतो हे माहीत असायचं काही कारण नाही. आणि विक्री सगळी तिच्या शब्दावर चालते.

चादरींचं पाकीट उघडलं तेव्हा स्पर्श खरोखर छान होता. पाकिटावर थ्रेड काउंटचा मोठा आकडा ठळक छापलेला. एका चौरस इंचात उभे आणि आडवे मिळून किती धागे आहेत, ते हा आकडा सांगतो. पण धागा अनेक पदरी असेल तर प्रत्येक पदर सुटा मोजून आकडा फुगवता येतो. चार पदरी २५० धाग्यांचे १००० होतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००५ मध्येच सांगितलं होतं की अशा मोजणीने ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते. चांगली चादर ठरते ती कापसाच्या तंतूच्या लांबीवर आणि विणीवर. लांब तंतूच्या सुताची, २०० ते ४०० काउंटची साध्या पर्केल विणीची, म्हणजे एक धागा वर एक खाली अशी विणलेली, चादर कितीतरी वर्षं जाते. माझ्या चादरींनी काही धुण्यांनंतर पायांशी गोळे धरले, मधला भाग विरत चालला आहे, आणि गादीला बसणाऱ्या चादरीच्या कोपऱ्यातलं इलॅस्टिक सैल पडलं आहे. तंतू कसला, वीण कोणती, सूत किती पदरी, यातलं काहीही पाकिटावर नव्हतं. नाव मात्र तीन ठिकाणी होतं, शिवणीतल्या पट्टीवरसुद्धा.

टॉवेलांनी मात्र उलटा अनुभव दिला, आणि तोही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवा. नवे असताना ते मऊ लागायचे, पण अंगावरचं पाणी टिपायचेच नाहीत. कारखान्यात टॉवेलांवर बऱ्याचदा सिलिकॉनच्या सॉफ्टनरचा हात फिरवतात. त्याने दुकानात स्पर्श गुबगुबीत लागतो आणि पाणी आत शिरायला अडतं. आठ-दहा धुण्यांनंतर तो थर गेला आणि आज घरातले सगळ्यांत उपयोगी टॉवेल तेच आहेत. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालायचा नाही, एवढं केलं की पुरतं. मेणबत्तीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. वास चांगला होता. पहिल्यांदा लावली की मेण काचेच्या कडेपर्यंत वितळेस्तोवर ती विझवायची नाही आणि दर वेळी वात साधारण सहा मिलिमीटर ठेवून कापायची. हे पाळलं तर कोणत्याही कारखान्याची मेणबत्ती शेवटपर्यंत नीट जळते.

आता बिडाचं भांडं. या सगळ्यांत वस्तू म्हणून सर्वोत्तम तेच. जड आहे, ऊब बराच वेळ धरून ठेवतं, झाकण घट्ट बसतं, एनॅमलला एक टवका उडालेला नाही. पण ही सगळी ओढ नेमकी कुठे तुटते, ते मला याच भांड्यामुळे समजलं. झाकणाची मूठ सैल झाली आणि एके दिवशी आतला स्क्रूच निखळला. खोक्यावरच्या पत्त्यावर लिहिलं. उत्तर आलं की हे नाव आता दुसऱ्या कंपनीकडे आहे. त्या कंपनीने कळवलं की आधीच्या मालाची जबाबदारी आमच्याकडे येत नाही. भांडं प्रत्यक्ष कोणत्या कारखान्यात ओतलं गेलं, हे दोघांपैकी एकानेही सांगितलं नाही. पुढे तोच घाट, तीच मूठ, झाकणाच्या आत तेच टोकेरी उंचवटे असलेलं भांडं एका साध्या नावाखाली बरंच स्वस्त मिळताना पाहिलं.

यात कोणी कायदा मोडला असं नाही. हा धंदा नाव भाड्याने देण्यावरच उभा आहे. प्रसिद्ध व्यक्ती आपल्या नावाचा परवाना देते, उत्पादक विक्रीवर रॉयल्टी देतो, बहुतेक करारांत किमान रकमेची हमी असते, आणि वस्तू तयार होते ती त्याच कारखान्यांत जिथे इतर दहा नावांच्या वस्तू होतात. कॅथी आयर्लंड या मॉडेलने १९९३ साली मोज्यांपासून सुरुवात करून अशा परवान्यांवर फर्निचरपासून गालिच्यांपर्यंत प्रचंड व्यवसाय उभारला. रीत जुनीच आहे. पण त्या रीतीत नाव विकलं जातं, पुन्हा विकलं जातं, आणि स्वयंपाकघरातल्या भांड्याचा पालक कोण, हे ग्राहकाला कधीच कळत नाही.

अमेरिकेत घर कसं लावायचं ते शिकवून प्रसिद्ध झालेल्या मार्था स्ट्युअर्ट यांच्या बाबतीत हे पायरीपायरीने घडलेलं दिसतं. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणून जरा थांबून लिहिते. त्यांनी १९७६ मध्ये केटरिंगचा व्यवसाय सुरू केला, म्हणजे वस्तू विकायच्या आधी त्यांनी पाहुण्यांसाठी खरोखर रांधलं होतं. १९८७ मध्ये केमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीशी करार झाला, १९९० मध्ये त्यांचं मासिक निघालं. त्या मासिकाची श्रीमंती त्याच्या तपशिलात होती: चांदी कशी उजळायची, रोपं केव्हा छाटायची, डाग कशाने जातो. गादीला बसणाऱ्या चादरीची गुंडाळी न करता तिची चारी कोपऱ्यांत हात घालून चौकोनी घडी कशी करायची, हे त्यांनी असंख्य लोकांना शिकवलं. मीही त्यांचंच बघून शिकले आणि आजही तशीच घडी घालते. ऑक्टोबर १९९९ मध्ये त्यांची कंपनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली तेव्हा १८ डॉलरचा शेअर पहिल्याच दिवशी जवळजवळ दुप्पट झाला. २००४ मध्ये शेअर विक्रीच्या चौकशीत खोटी माहिती दिल्याबद्दल त्या दोषी ठरल्या आणि पाच महिने तुरुंगात राहून आल्या. तरीही लोकांनी त्यांना परत जवळ केलं. माझ्या मते त्याचं कारण सरळ आहे. त्यांनी शिकवलेली घडी तुरुंगवासाने खोटी ठरत नव्हती.

पुढे मात्र शिकवणं मागे पडत गेलं आणि नाव पुढे आलं. २०१५ मध्ये त्यांची कंपनी, नावांचे हक्क विकत घेणाऱ्या सीक्वेन्शियल ब्रँड्सने ३५ कोटी ३० लाख डॉलरना घेतली. चारच वर्षांनी, २०१९ मध्ये, हे नाव आणि त्यासोबत शेफ एमरिल लगासी यांचं नाव, दोन्ही मिळून साडेसतरा कोटी डॉलरना तशाच मार्की ब्रँड्स या कंपनीकडे गेली. २०२२ मध्ये मासिकाचा छापील अंक बंद झाला. नावाच्या वस्तू दुकानांत राहिल्या. दरमहा बारकाईने शिकवणारी ती पानं गेली, आणि मला ते फार मोठं नुकसान वाटतं.

नंतर आलेल्या तारकांच्या बहुतेक ब्रँडांनी शिकवण्याची पायरी जवळजवळ वगळली आणि थेट जगणंच विकायला काढलं. ग्वेनेथ पॅल्ट्रो यांचं गूप २००८ मध्ये ईमेलच्या वार्तापत्रातून सुरू झालं. पाककृती आणि प्रवासाच्या शिफारशींपासून ते आरोग्याच्या दाव्यांपर्यंत पोचलं, आणि २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सरकारी वकिलांनी आधार नसलेल्या दाव्यांवरून कारवाई केल्यावर १ लाख ४५ हजार डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं. जेसिका अल्बा यांच्या ऑनेस्ट कंपनीचा शेअर मे २०२१ मध्ये १६ डॉलरना बाजारात आला आणि २०२३ मध्ये दोन डॉलरच्याही खाली गेला. त्याआधी कपडे धुण्याच्या साबणातल्या घटकांबद्दलच्या दाव्यांवरून खटला झाला होता, तो २०१७ मध्ये साडेपंधरा लाख डॉलरना मिटला. अभिनेत्री ब्लेक लाइव्हली यांचं प्रिझर्व्ह हे ऑनलाइन दुकान जुलै २०१४ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये बंद झालं. तयारी पूर्ण व्हायच्या आधीच आपण ते सुरू केलं, असं त्यांनी स्वतः सांगितलं. एवढ्या स्पष्टपणे बोलल्याबद्दल मला त्यांचं कौतुकच वाटतं.

ही नावं वाईट माणसांची आहेत म्हणून ओढ ओसरली, असं मी मानत नाही. आधी प्रसिद्ध स्वयंपाकघरात डोकावायला मासिक किंवा टीव्हीवरचा अर्धा तास एवढीच खिडकी होती. आता यूट्यूबवर कोणीतरी अनोळखी माणूस दोन वर्षं वापरलेला पॅन कॅमेऱ्यापुढे धरतो, चट्टा दाखवतो, तळाला चुंबक लावून इंडक्शनवर चालेल की नाही ते सांगतो. ज्याने स्वतः घासलं आहे त्याच्या बोलण्याला वजन येतंच. शिवाय ती पांढरीशुभ्र ओट्याची घरं चालवायला किती पगारी हात लागतात, हे लोक आता उघड बोलतात. मदतनीस न दिसणारं आवरलेलं घर पाहून पूर्वी मला हुरूप यायचा. हल्ली तेच पाहताना घरकाम करणाऱ्या माणसांचे कष्ट चित्रातून पुसले गेल्याचं जाणवतं आणि मन तिथे रमत नाही.

नवी नावं येतच आहेत. ब्रिटिश राजपुत्र हॅरी यांच्या पत्नी मेगन मार्कल यांच्या ‘अ‍ॅज एव्हर’ या ब्रँडचा पहिला माल एप्रिल २०२५ मध्ये तासाभरात संपला: फळांचा मुरांबा, मध, चहा, खाण्यावर भुरभुरायच्या सुक्या पाकळ्या. म्हणजे कुतूहल अजून जिवंत आहे. पण पहिला माल संपणं हे कुतूहलाचं माप झालं. तीच बरणी लोकांनी तिसऱ्यांदा मागवली का, यावर ब्रँड टिकतो. संपून जाणाऱ्या वस्तू विकणं मला तरी जास्त प्रामाणिक वाटतं. मुरांबा आवडला तर आवडला, नाही आवडला तर बरणी रिकामी होते आणि विषय संपतो. पॅनचा चट्टा रोज समोर येतो.

घ्यायचं ठरवत असाल तर माझं म्हणणं असं. टॉवेल घ्या, धीर धरून धुवा. चादर घेताना मोठा काउंट बाजूला ठेवून तंतू आणि वीण विचारा. सांगत नसतील तर सोडून द्या. लेपाचा पॅन कोणत्याही चेहऱ्यासाठी जास्त पैसे मोजून घेऊ नका, कारण महाग काय नि स्वस्त काय, लेप जाणारच. मी त्या जागी लेप नसलेला जाड तळाचा स्टीलचा पॅन आणला आहे. त्यात अंडं चिकटू नये म्हणून आधी पॅन आणि मग तेल तापवायची सवय लावून घेते आहे. बिडाचं भांडं जरूर घ्या, पण आधी वॉरंटीच्या कागदावर कोणाची सही आहे, सुटे भाग कोण पुरवतं आणि कंपनीचं नाव पुढच्या वर्षीही तेच असेल का, हे विचारून घ्या. माझ्या झाकणाला सध्या दुसऱ्याच एका भांड्याची मूठ बसवली आहे आणि ती घट्ट बसली आहे.