बाघचं फॉसिल म्हणून रेझिनचा (ओतीव प्लास्टिकचा) गोळा गळ्यात मारला

मी जालन्याचा, लहानपणापासून गारगोट्या गोळा करायचा नाद. आपल्याकडं विहीर खणली की झिओलाइटचे स्फटिक निघतात पण समुद्रातलं काही निघत नाही, खाली सगळा 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड. म्हणून वेरूळला एक जण "साहेब, ह्याच डोंगरात सापडलं" म्हणत सी अर्चिनचं फॉसिल, म्हणजे दगड झालेला समुद्रातला काटेरी गोल प्राणी, दाखवू लागला तेव्हा मी हसून पुढं गेलो. लई शहाणा समजत होतो स्वतःला.

दुसरा व्हॉट्सअ‍ॅपवर भेटला. त्यानं बरोब्बर सांगितलं, धार जिल्ह्यातलं बाघ, नर्मदेचं खोरं, क्रिटेशियस म्हणजे डायनासोरच्या काळात तिथं समुद्र आत घुसला होता, आणि तिथल्या चुनखडीत सी अर्चिन खरंच सापडतात, मग मी अजून काय विचारणार, 3 नग 4,500 ला ठरवले न लगेच यूपीआय केलं.

पार्सल आलं, दिसायला एक नंबर, वर पाच पाकळ्यांचं फूल. चुनखडी अ‍ॅसिडनं फसफसते म्हणून संडासचं अ‍ॅसिड टाकून बघितलं, फसफसलं, मी खुश. बायकोनं दोन हातात दोन घेतले न म्हणाली, "अहो, दोन्हीच्याबी त्याच पाकळीवर सेम टवका कसा काय?"

झालं. भिंग घेऊन बसलो. खऱ्यात पाकळीच्या कडेनं बारीक छिद्रांच्या जोड्या असतात, ह्यात नुसते खळगे, न बुडाला हवेचा बुडबुडा. सुई गॅसवर लाल करून टेकवली तर जळक्या प्लास्टिकचा वास. अ‍ॅसिडचं म्हणाल तर रेझिनमध्ये संगमरवराची पूड कालवली की तीबी फसफसते, आणि गारगोटीचं झालेलं खरं फॉसिल असलं तर ते फसफसतच नाही, म्हणजे त्यावर जाऊच नका. त्यापेक्षा तुटलेली कड बघा. खऱ्याची एकेक प्लेट म्हणजे कॅल्साइटचा (चुनखडीतल्या खनिजाचा) एकच स्फटिक, तुटला की सपाट चकाकतो. माझी कड वाळलेल्या पिठासारखी.

बरं खरं असतं तरी घोरच, बाघकडं डायनासोर फॉसिल नॅशनल पार्क आहे, तिथून कुणी काय उचलून आणलंय कुणाला माहीत.

त्यानं मला ब्लॉक केलं, मी 1930 ह्या सायबर हेल्पलाइनला तक्रार दिली, पैसे अजून आले नाहीत. परवा लातूरच्या मित्रानं फोटो पाठवला, "घेऊ का रे, बाघचं आहे म्हणू लागलाय." झूम केलं. तीच पाकळी, तोच टवका.