यान स्टेनचं बिऱ्हाड आमच्या घरी: आठ महिन्यांनंतर

नेदरलँड्समधल्या आम्स्टलफेन गावातलं आमचं भाड्याचं घर. भिंती पांढऱ्या, फर्निचर पांढरं, हिवाळ्यात बाहेरचं आभाळही तसलंच. पवनचक्क्या नि ट्युलिप नको होते, म्हणून ऑक्टोबरात सतराव्या शतकातली उपदेश करणारी तीन डच चित्रं लावली.

पहिलं यान स्टेनचं 'आनंदी कुटुंब' (१६६८). ॲमस्टरडॅमच्या रायक्सम्युझियम या संग्रहालयाच्या साइटवर मोठी फाइल फुकट मिळते, खर्च फक्त छपाईचा आणि फ्रेमचा. मूळ चित्र १४१ सेंमी रुंद आहे; मी काटकसर करून ५० सेंमीचं छापलं आणि फसलो. गाणारी, पिणारी माणसं दिसतात, पण वर टांगलेली चिठ्ठी वाचता येत नाही, आणि सगळा उपदेश तिच्यातच! 'म्हातारे गातील तशी पोरं वाजवतील', म्हणजे आपलं 'खाण तशी माती'. डच शब्दात श्लेषही आहे: वाजवणं आणि पाइप ओढणं, दोन्हींना एकच क्रियापद, म्हणून पोरांच्या हाती पाइप. शेवटी ९० सेंमीचं पुन्हा छापून घेतलं, तेही मॅट कागदावर. आधीच्या काचेत चित्रापेक्षा आमची खिडकीच जास्त दिसायची.

दुसरं स्वयंपाकघरात: रेम्ब्रांटचा शिष्य निकोलास मास याची 'आळशी मोलकरीण' (१६५५). जमिनीवर भांडी पसरलेली, बाई डुलक्या घेतेय, मागे मांजर कोंबडी पळवतंय. साताऱ्याहून आलेली आई म्हणाली, "अरे, ते मांजर हाकला आधी!" पहिला आठवडाभर मी रात्रीच भांडी घासून टाकली. मग लक्षात आलं, शेजारी उभी मालकीण रागावलेली नाहीच, आपल्याकडे बघून हसतेय. तेव्हापासून सिंक पुन्हा भरलेलं. धाक पंधरा दिवसांत उतरतो, गंमत मात्र अजून टिकून आहे. तिन्हींत हेच सगळ्यात आवडतं.

तिसरं पुन्हा स्टेनचं, व्हिएन्नाच्या संग्रहालयातलं, 'सुखात असाल तेव्हा सांभाळा' या अर्थाच्या म्हणीचं. आई झोपलेली, कुत्रं टेबलावर चढून खातंय, घरात डुक्कर, माकड घड्याळाशी खेळतंय. हे जेवणाच्या टेबलासमोर लावू नका. वर टांगलेल्या टोपलीत कुबडी आहे, पुढे येणाऱ्या वाईट दिवसांची खूण. मुलगी रोज विचारायची, "बाबा, ती कोणाची?" भाजी गार व्हायची.

शेजारच्या डच आजी मात्र बघून खो खो हसल्या. पसारा असलेल्या घराला इथे आजही 'यान स्टेनचं बिऱ्हाड' म्हणतात. आता हे तिसरं चित्र दाराशी लावलंय, आमचे बूट जिथे पडलेले असतात तिथे.