आधी आंबोली की आधी तिलारी? सावंतवाडीच्या घाटफेरीची दिशा ठरवताना

सावंतवाडीहून निघायचं, एका घाटाने सह्याद्री चढायचा, चंदगड तालुक्यातून वरच्या वर जायचं आणि दुसऱ्या घाटाने तळकोकणात उतरून परत यायचं. माउंटन बाइकवर ही फेरी दीडशे किलोमीटरच्या आगेमागे भरते. दाणोली, आंबोली, चंदगड, हेरे, तिलारीनगर, भेडशी, दोडामार्ग, बांदा ही गावं दोन्ही दिशांनी लागतात. पण कोणता घाट चढायचा आणि कोणता उतरायचा यावर सगळा दिवस बदलतो.

आंबोली समुद्रसपाटीपासून ६९० मीटरवर आहे. दाणोली सोडलं की चढ सुरू होतो आणि साधारण ५ टक्क्यांच्या चढाने बाराएक किलोमीटरमध्ये तुम्हाला वर नेतो. तिलारीचा घाट जवळपास तेवढीच उंची सात-आठ किलोमीटरमध्ये गाठतो. वळणं अरुंद आहेत आणि वळणाच्या आतल्या बाजूला चढ सरासरीपेक्षा बराच खडा होतो.

उंची सारखी असली की लागणारी ऊर्जाही जवळपास सारखीच, त्यामुळे दोन्ही घाटांना वेळ साधारण तेवढाच लागतो, सव्वा ते दीड तास. फरक वेगात आहे. सायकल, पाणी आणि सामान धरून ९० किलो वजन असेल आणि तुम्ही १४० वॉट टिकवू शकत असाल, तर आंबोलीत ताशी ९ किलोमीटरचा वेग मिळतो, तिलारीत जेमतेम ५. ताशी ५ किलोमीटरला अंगाला वारा लागत नाही, घाम सुकत नाही आणि कोकणातल्या दमट हवेत शरीर तापत जातं. तिलारीत चढणारे थकतात ते पायांपेक्षा या उष्णतेने. म्हणून तिलारी चढायचा तर सकाळी दहाच्या आत माथा गाठायला हवा, आणि घाटासाठी वेगळं दीड लिटर पाणी हवं. अर्ध्या पाण्यात आमसूल, साखर आणि चिमूटभर मीठ घाला.

गिअरचा हिशोब आधी घरी करा. पुढे ३२ दात, मागे सर्वांत मोठी चकती ५१ दातांची आणि चाक २९ इंची असेल तर एका पेडल-फेरीत सायकल सुमारे १.४५ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या की ताशी ५ किलोमीटर, म्हणजे तिलारीला हवा तेवढा वेग. जुन्या तीन चकत्यांच्या सायकलवर पुढे २२ आणि मागे ३४ असेल तरी काम होतं. पण पुढे ३२ आणि मागे ३६ असेल तर त्याच वेगाला मिनिटाला चाळीसच्या आसपास फेऱ्या पडतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. अशा सायकलने तिलारी चढू नका. आंबोलीनेच वर जा.

आता उतार. निर्णय खरा इथे होतो. ९० किलो वजन सहाशे मीटर खाली आणताना पाच लाख ज्यूलच्या वर ऊर्जा कुठेतरी जावी लागते. आंबोलीत तिचा बराच भाग वारा खातो, कारण लांब सरळ पट्ट्यांवर सायकल मोकळी सोडता येते. तिलारीत वळणं एकापाठोपाठ येतात, वेग धरता येत नाही, आणि जवळपास सगळी उष्णता डिस्क आणि ब्रेक पॅड यांच्यात शिरते. १६० मिलिमीटरची डिस्क आणि रेझिनचे पॅड असतील तर घाटाच्या मध्यावर पॅड तापून गुळगुळीत होतात, लिव्हर दाबला तरी पकड कमी पडते. पुढे १८० मिलिमीटरची डिस्क आणि धातुमिश्रित पॅड हवेत. निघण्यापूर्वी पॅडवरचा थर मोजा. शिमानो कंपनीच्या पॅडची बदलायची मर्यादा ०.५ मिलिमीटर आणि डिस्कच्या जाडीची १.५ मिलिमीटर आहे, पण या फेरीवर त्या मर्यादेच्या जवळचे भाग घेऊन जाऊ नये. ब्रेक सतत घासत ठेवायचे नाहीत. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग पाडायचा, मग पूर्ण सोडायचे, म्हणजे डिस्कला गार व्हायला वेळ मिळतो. रिम ब्रेकवाल्यांनी, म्हणजे ज्यांचे ब्रेक डिस्कऐवजी चाकाच्या धातूच्या कडेवर घासतात त्यांनी, तिलारी उतरू नये. रिम तापून ट्यूब फुटण्याचा धोका खरा आहे.

यात वेळेचा मुद्दा मिसळा. आंबोली आधी घेतली तर तिलारीचा उतार शंभर किलोमीटरनंतर, दुपारी उशिरा येतो. मनगटं भरून आलेली असतात, बोटं लिव्हरवर नीट दबत नाहीत. चंदगडला जेवणात तासभर जास्त गेला किंवा एक पंक्चर झालं तर हा घाट संधिप्रकाशात उतरावा लागतो. घाटाखाली तिलारी धरणाच्या परिसरात रानटी हत्तींचा वावर आहे. २००२ पासून दोडामार्ग तालुक्यात ते येत-जात राहिले आहेत, आणि पहाटे व तिन्हीसांजेला त्यांची हालचाल जास्त असते. त्या वेळी कोनाळकट्टा-भेडशी रस्त्यावर सायकलवर असू नये. शिवाय बांद्यानंतर दिवसाच्या अखेरीस इन्सुलीचा घाट उरतोच. तो लहान आहे, पण तोवर पायांत काही शिल्लक नसतं, आणि समोरून खारे वारे येत असतात.

तिलारी आधी घेतली तर वेळापत्रक असं बसतं: पहाटे ५ ला सावंतवाडी, इन्सुली ताज्या पायांनी, सातच्या सुमारास उजेडात दोडामार्ग, तिथे उसळ-पाव, साडेआठला घाटाचा पायथा, दहा-सव्वादहाला माथा. साडेबाराच्या आत चंदगड, पावणेचारला आंबोली, साडेपाचपर्यंत घरी. डिसेंबरात सूर्य सहानंतर मावळतो, म्हणजे अर्ध्या तासाचीच सूट आहे, पण उशीर झालाच तर तो आंबोलीत होतो, जिथे गाव आहे, मुक्काम आहे आणि एसटी आहे.

एका दिवसात फेरी करणाऱ्याने, आणि पहिल्यांदा करणाऱ्याने तर नक्कीच, तिलारी चढावी आणि आंबोली उतरावी. गिअर पुरत नसतील तर उलट जाऊ नका, आंबोली चढून त्याच वाटेने परत या.

आंबोली आधी घेण्याला जागा आहे ती दोन दिवसांच्या बेतात. पहिल्या दिवशी आंबोली चढून चंदगडला मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रांती घेतलेल्या हातांनी तिलारी उतरायचा. खाली जलाशयाचं पाणी झाडांतून दिसतं तेव्हा थांबून बघायलाही वेळ मिळतो आणि डिस्कही गार होते. चांगले ब्रेक असलेल्यांना हा बेत जास्त आवडेल.

आंबोलीच्या उतारावर धोका उताराचा नाही, वाहनांचा आहे. एसटी आणि ट्रक वळणावर रुंद येतात, म्हणून कडेला चिकटून न जाता लेनच्या मध्यावर राहा. धबधब्यापाशी माकडं खाऊसाठी रस्त्यावर येतात. तिथे वेग पाडा आणि हँडलच्या पिशवीत खायचं काही उघडं ठेवू नका.

पावसाळ्यात दोन्ही दिशा बाद. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, धुक्यात दहा मीटरपलीकडचं दिसत नाही, आणि तिलारीच्या वळणांवर शेवाळ धरतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. ऑक्टोबरात साइडपट्ट्यांवर पावसाने वाहून आलेली जांभ्याची बारीक खडी असते. तिच्यावर पुढचं चाक वळवताना ब्रेक लावला की सायकल सरकते.

२.२५ इंची टायरमध्ये ट्यूब असेल तर ३० ते ३२ पीएसआय, ट्यूबलेसला २४-२५. यापेक्षा कमी हवा ठेवली तर डांबरावर पाय फुकट जातात आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब दोन ठिकाणी चावली जाते. दोन ट्यूब, साखळीची जोडकडी, ब्रेक पॅडची एक जोडी आणि मागचा-पुढचा दिवा सोबत घ्या. पॅड बदलायचे तर घाटाच्या माथ्यावरच बदला, आणि उतार सुरू करण्याआधी सपाटीवर वेग घेऊन वीस-पंचवीस वेळा ब्रेक लावून ते बसवून घ्या.