ड्रायव्हरची सेटिंग, व्ह्यूमध्ये कास्ट की अ‍ॅक्सेसचा बिगइंट सपोर्ट: नक्की काय निवडायचं?

सर्व्हरवर क्वेरी मारली की रो व्यवस्थित दिसतायत आणि तेच टेबल ओडीबीसीने (डेटाबेस जोडायची सोय) मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये लिंक केलं की प्रत्येक खान्यात #डिलीटेड. घाबरू नका, काहीही उडालेलं नाही. अ‍ॅक्सेस आधी नुसत्या की (रो ओळखायचा आकडा) आणतं आणि मग त्या की देऊन बाकीची रो मागतं, आता की बिगइंट (६४ बिटांचा मोठा पूर्णांक) असेल आणि ती अ‍ॅक्सेसला नीट पेलली नाही तर परत पाठवलेली की जुळत नाही, मग ते समजतं रो गेली. (आर्किटेक्चर मिसमॅच असा एरर येत असेल तर ते ३२ बिट-६४ बिटचं वेगळं लफडं, त्याचा टाइपशी संबंध नाही.)

सगळ्यात झटपट म्हणजे ड्रायव्हरची (जोडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरची) सेटिंग. मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरमध्ये बिगइंटला इंट (३२ बिटांचा पूर्णांक) समजायचा पर्याय आहे, टिक करा, टेबल परत लिंक करा, झालं. पण इंटमध्ये २१४७४८३६४७ च्या वरचा आकडा मावतच नाही, त्यामुळे आयडी खरंच मोठे असतील तर हे विसरा. शिवाय सेटिंग त्या त्या मशीनवर करायची, म्हणजे दोन-तीन पीसी असतील तर ठीक, जास्त असले की कुणाचा तरी एक राहतोच.

पोस्टग्रेसवाल्यांना हा सेटिंगचा मार्ग बऱ्याचदा पुरतो कारण त्यांचं दुखणं बहुतेक वेळा टेक्स्ट आणि बूलियनचं (हो/नाही) असतं. टेक्स्ट कॉलम लाँगव्हारकॅर म्हणून आला की अ‍ॅक्सेस त्याला मेमो (लांब मजकुराचा टाइप) करतं आणि मेमोवर जॉइन (दोन टेबल जुळवणं) लागत नाही. ड्रायव्हरमधली ही टेक्स्टला लाँगव्हारकॅर करायची टिक काढली की जॉइन लागतो, पण मग मॅक्स व्हारकॅर (साध्या मजकुराची कमाल लांबी) बघा, तो डीफॉल्ट २५५ असतो, लांब मजकूर असेल तर वाढवताना परत मेमोच होणार, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. बूल्स अ‍ॅज कॅर (हो/नाही अक्षर म्हणून पाठवायची टिक) मात्र काढा.

व्ह्यूमध्ये (सर्व्हरवर साठवलेल्या क्वेरीत) कास्ट करणं, म्हणजे कॉलमचा टाइप बदलणं, मला जास्त पटतं, एकदा सर्व्हरवर केलं की सगळ्यांना सारखंच दिसतं. किंमत आहेच: की टेक्स्टमध्ये कास्ट केली की सॉर्टमध्ये १० हा ९ च्या आधी येतो, मूळ इंडेक्स लागत नाही म्हणून मोठं टेबल रांगायला लागतं, आणि मायएसक्यूएलमध्ये अशा व्ह्यूतून नवीन रो टाकता येत नाही. नुसते रिपोर्ट काढायचे असतील तर डोळे झाकून हेच करा, डेटा एंट्री असेल तर नको.

एंट्री आहे आणि आयडीही मोठे आहेत, तर अ‍ॅक्सेसचाच बिगइंट सपोर्ट चालू करा. लार्ज नंबर (बिगइंटचंच तिथलं नाव) टाइप २०१६ पासूनच्या नव्या बिल्ड्समध्ये आहे, ऑप्शन्समध्ये करंट डेटाबेसखाली टिक मिळते. एकदा चालू केलं की त्या फाइलपुरतं माघारी फिरता येत नाही आणि जुनं अ‍ॅक्सेस ती फाइल उघडत नाही, त्यामुळे ऑफिसात एक जरी जुनी कॉपी असेल तर आधी ती अपग्रेड करा आणि फाइलची कॉपी काढून ठेवा.

कुठलंही निवडा, लिंक रिफ्रेश करावी लागते किंवा जुनी काढून नव्याने लिंक करावी लागते कारण अ‍ॅक्सेस टाइप लिंक करतानाच धरून ठेवतं. व्ह्यू लिंक करताना ते युनिक कॉलम विचारेल, तिथे कॅन्सल मारलंत तर सगळं रीड-ओन्ली उघडेल.